समुद्री मासा लांबून आणून घरच्या टाकीत सुखरूप कसा सोडायचा?

तुमचा प्रश्न वाचून वाईट वाटलं, कारण तुम्ही निष्काळजीपणा केलेला नाही. मागच्या वेळी पार्सलने दोन क्लाउनफिश मागवलेत. ते जवळपास दीड दिवस पिशवीत होते. मग सगळे सांगतात तसं दोन तास थेंबथेंब पाणी सोडून तुम्ही त्यांना टाकीच्या पाण्याची सवय केलीत आणि सकाळी दोघंही मेलेले आढळले. टाकीच्या पाण्याच्या चाचण्या मात्र चांगल्या आल्या. आता तीन तासांवरच्या दुकानातून स्वतः क्लाउनची एक जोडी आणि एक रॉयल ग्रामा आणायचाय, टाकीत आधीपासून एक डॅमसेल मासा आहे, आणि मागचं पुन्हा घडू नये म्हणून तुम्ही विचारताय.

माझ्या मते घात त्या दोन तासांनीच केला असणार.

बंद पिशवीत मासा श्वास घेत राहतो, तसा पाण्यात कार्बन डायऑक्साइड साठत जातो आणि पाणी आम्लाकडे झुकतं. समुद्री टाकीचा पीएच साधारण 8.1 ते 8.3 असतो. दीड दिवसानंतर पिशवीतला पीएच 7 च्या आसपास, कधी त्याहूनही खाली आलेला असतो. त्याच वेळी माशाच्या कल्ल्यांतून अमोनियाही पाण्यात उतरत असतो. पण पीएच कमी असेपर्यंत त्यातला बहुतेक भाग अमोनियमच्या रूपात राहतो आणि ते रूप माशाला फारसं बाधत नाही. म्हणजे पाणी घाण असतं, पण मासा कसाबसा तग धरून असतो.

मग आपण पिशवी उघडतो. कार्बन डायऑक्साइड उडून जायला लागतो. वरून टाकीचं 8.2 पीएचचं पाणी थेंबथेंब पडतं, तसा पीएच वर चढतो आणि निरुपद्रवी अमोनियमचा विषारी अमोनिया होऊ लागतो. पीएच एका अंकाने वाढला की विषारी अमोनिया साधारण दहापट होतो. आपण समजतो माशाला हळूहळू सवय लावतोय, आणि तो त्याच बादलीत कल्ले भाजून घेत असतो.

हे मी एक मासा गमावून शिकलो. माझा पहिला रॉयल ग्रामा असाच लांबच्या प्रवासाने आला होता. पिशवी उघडली तेव्हा तो शांत होता, रंग चांगला, पुढचा जांभळा आणि मागचा पिवळा भाग स्वच्छ वेगळा दिसत होता. मी त्याला बादलीत घेतलं, ड्रिप, म्हणजे टाकीचं पाणी थेंबथेंब सोडणारी नळी, लावली आणि काळजीपोटी बादलीत हवेचे बुडबुडे सोडणारा एअरस्टोनही टाकला. अर्ध्या तासात तो तळाशी एका कुशीवर टेकला. कल्ले इतके जोरात उघडझाप करत होते की मोजता येईनात. जांभळा रंग राखेसारखा पडला. मला वाटलं प्रवासाचा शीण असेल, म्हणून मी ड्रिप आणखी मंद केलं, म्हणजे त्याला त्या पाण्यात आणखी वेळ ठेवलं. एअरस्टोनच्या बुडबुड्यांनी कार्बन डायऑक्साइड आणखी झपाट्याने बाहेर काढला हे मला फार नंतर कळलं. तो मासा आजही आठवतो.

म्हणून मी आता आधी एकच विचारतो: मासा पिशवीत किती वेळ होता? तास-दोन तास, अगदी तुमच्यासारखे तीन तास असतील तर पाण्यात एवढा अमोनिया साठलेला नसतो आणि अर्ध्या तासाचं ड्रिप चालतं. रात्र उलटली असेल तर ड्रिप नको. पिशवी न उघडता तापमान जुळवायचं, उघडल्यावर मासा काही मिनिटांत स्वच्छ पाण्यात गेला पाहिजे.

मग क्षारतेचं काय? ड्रिप मुळात त्यासाठीच करतात. समुद्री माशाच्या रक्तातलं क्षाराचं प्रमाण समुद्राच्या पाण्याच्या साधारण एक तृतीयांश असतं. त्यामुळे त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं. तो समुद्राचं पाणी पिऊन ती तूट भरतो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. कमी क्षारतेतून एकदम जास्त क्षारतेत गेला तर त्याच्या शरीरातलं पाणी तुटतं. उलट, जास्तीतून थोड्या कमीत जाणं मासे बरंच सहज सोसतात. क्षारता आपण पाण्याच्या घनतेवरून मोजतो, मीठ जास्त तितकी घनता जास्त. अडचण अशी की बरीच दुकानं मासे 1.018 ते 1.020 घनतेच्या पाण्यात ठेवतात, मीठ वाचतं आणि परजीवीही थोडे दबतात, तर घरची टाकी 1.025 वर असते. एवढं अंतर दोन तासांच्या ड्रिपने भरून निघत नाही. पाणी बदलतं, पण माशाच्या शरीराला जुळवून घ्यायला काही दिवस लागतात.

यावर मला पटलेला उपाय साधा आहे. मासा पाण्याशी जुळवायच्या ऐवजी पाणी माशाशी जुळवा. दुकानात आधी फोन करून त्यांच्या टाकीची घनता विचारा आणि घरी क्वारंटाइनची, म्हणजे नवा मासा आधी काही आठवडे एकटा ठेवायची, वेगळी टाकी त्याच घनतेवर तयार ठेवा. मासा आला की पिशवी बंदच ठेवून 15-20 मिनिटं पाण्यावर तरंगू द्या. मग उघडून पिशवीतली घनता मोजा. फरक 0.002 च्या आत असेल तर मासा सरळ सोडा. पुढच्या काही दिवसांत उडालेल्या पाण्याच्या जागी गोड्याऐवजी खारं पाणी घालत रोज 0.001 ते 0.002 ने घनता वाढवत न्या. मासा खातोय, पोहतोय, आणि त्याला कळतही नाही.

मोजण्यासाठी रिफ्रॅक्टोमीटर वापरा आणि तो 35 पीपीटीच्या (हजार भागांत 35 भाग मीठ) द्रावणावर जुळवून घ्या. आरओच्या पाण्यावर शून्य दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर खाऱ्या पाण्यात चुकू शकतो. डोलणाऱ्या काट्याचा हायड्रोमीटर असेल तर काट्याला चिकटलेले बुडबुडे झटकून मगच आकडा वाचा, नाहीतर घनता आहे त्यापेक्षा जास्त दिसते.

क्वारंटाइन टाकी तुमच्याकडे नाही असं प्रश्नावरून वाटलं. ती करा, हे मी आग्रहाने सांगतोय. 50-60 लिटरची, तळाला वाळू नसलेली टाकी, एक हीटर, एक स्पंज फिल्टर आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन-चार तुकडे, एवढं पुरतं. स्पंज मात्र आधी काही आठवडे मुख्य टाकीच्या सम्पमध्ये (टाकीला जोडलेल्या, फिल्टरच्या खालच्या टाकीत) टाकून ठेवा, म्हणजे त्यावर बॅक्टेरिया बसतील. आणि पहिले काही दिवस अमोनिया रोज तपासा, छोट्या टाकीत तो पटकन चढतो. पांढरे ठिपके आणणारा क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी एकदा मुख्य टाकीच्या वाळूत उतरला तर सगळे मासे बाहेर काढून टाकी दोन-अडीच महिने रिकामी ठेवण्याची वेळ येते. व्हेल्व्हेट हा दुसरा परजीवी रोग तर दोन-चार दिवसांत टाकीतले मासे संपवतो. नवा मासा मी निदान चार आठवडे वेगळा ठेवतो, शक्यतो सहा.

आता प्रवास. मासा निवडताना तो खाताना बघा, हे सगळेच सांगतात आणि बरोबरच आहे. पण पोट भरलेला मासा पिशवीत घाण करतो आणि अमोनिया वाढवतो. म्हणून आदल्या दिवशी खातानाचा व्हिडिओ मागवून घ्या आणि न्यायच्या दिवशी खायला घालू नका असं दुकानदाराला सांगा. एक दिवसाच्या उपासाने निरोगी माशाला काही होत नाही. प्रत्येक मासा वेगळ्या पिशवीत हवा, तुमची क्लाउनची जोडीसुद्धा. पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग ऑक्सिजन ठेवायला सांगा. पिशवीवर दुसरी पिशवी उलटी चढवून घ्या आणि खालचे कोपरे रबराने बांधून घ्या, कारण लहान मासा त्या टोकात अडकून चेपला जातो. सगळ्या पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात, वरून वर्तमानपत्र, आणि झाकण बंद. अंधारात मासा शांत राहतो आणि ऑक्सिजनही कमी लागतो. गाडीत खोकं एसीच्या झोतात किंवा उन्हात ठेवू नका. आणि वाटेत उघडून बघू नका, कितीही मोह झाला तरी.

(पुढे कधी सर्जनफिश घेतलात तर पिशवीऐवजी झाकणाचा डबा न्या. शेपटीच्या मुळाशी त्याला सुरीसारखा काटा असतो, तो जाळी आणि पिशवी दोन्ही फाडतो. पफरफिशला पाण्याबाहेर काढूच नका, तो हवा गिळतो.)

घरी आल्यावर खोलीतला आणि टाकीवरचा दिवा बंद करूनच खोकं उघडा. अंधारातून एकदम उजेडात आलेला मासा घाबरून काचेवर आपटतो. ड्रिप करायचंच असेल तर भांडं टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवा. जमिनीवरच्या बादलीतलं लिटरभर पाणी अर्ध्या तासात बरंच थंड होतं, आणि तापमान जुळवण्याची सगळी मेहनत वाया जाते. एअरलाइन नळीला सैल गाठ मारा, सेकंदाला दोन-तीन थेंब पडू द्या. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. त्यात परजीवी असू शकतात आणि दुकानाने तांब्याचं औषध वापरलं असेल तर तेही असतं. तांबं कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ मारतं. मासा जाळीऐवजी छिद्रं पाडलेल्या कपाने उचला, जाळीत खवले आणि पर सोलवटतात.

क्वारंटाइन संपलं की तुमच्या डॅमसेलचा प्रश्न येतो. तो सगळ्या टाकीला स्वतःचं घर समजत असणार. नवे मासे छिद्रांच्या पारदर्शक खोक्यात घालून खोकं मुख्य टाकीत तीन-चार दिवस टांगा आणि डॅमसेलकडे लक्ष ठेवा. पहिल्या दिवशी तो खोक्यावर धडका देईल, तिसऱ्यापर्यंत बहुधा कंटाळेल. नाही कंटाळला तर नव्यांना बाहेर सोडा आणि त्यालाच आठवडाभर खोक्यात ठेवा. तोवर दगडांची रचनाही थोडी बदला. बाहेर आल्यावर त्याची जुनी हद्द त्याला सापडत नाही.

आणि खाण्याचं: मासे क्वारंटाइन टाकीत सोडल्यावर पहिल्या दिवशी खायला घालू नका. दुसऱ्या दिवशी थोडं वितळवलेलं मायसिस श्रिंप (गोठवलेली बारीक कोळंबी) टाका, उरलेलं दहा मिनिटांत काढून घ्या. क्लाउन लवकर खायला लागतात. ग्रामा दोन-तीन दिवस पाइपच्या आतच बसेल, फक्त डोळे दिसतील. पाइपच्या छताला पोट लावून तो उलटा पोहताना दिसला तर घाबरून त्याला बाहेर काढू नका. गुहेत राहणारा मासा आहे, तो तसाच पोहतो.