शिलिंगवरील फुले आणि स्टीफन लीक

प्रश्न : आमच्या हर्णैच्या घरी १७८७ सालचे इंग्लंडचे चांदीचे शिलिंग आहे. त्यावरील एका ढालीत फ्रान्सची लिलीची फुले का असावीत?

उत्तर : इंग्लंडचा राजा तिसरा एडवर्ड याने १३४० मध्ये फ्रान्सच्या गादीवर हक्क सांगून ती फुले आपल्या राजचिन्हात घेतली आणि ती १८०१ पर्यंत तेथेच राहिली. अशा खुणांची गोडी लागली असेल, तर स्टीफन मार्टिन लीक यांचा इंग्लंडच्या नाण्यांचा इतिहास अवश्य पाहावा. तो प्रथम १७२६ मध्ये व वाढवून १७४५ मध्ये निघाला, म्हणजे या दोन आवृत्त्यांत आपले नाणे नाही. तरीही मला तो मोलाचा वाटतो, कारण हेच लीक १७५४ मध्ये ‘गार्टर’, म्हणजे इंग्लंडमधील राजचिन्हांचे प्रमुख अधिकारी झाले. नाणे मात्र घासू नये. किनाऱ्यावरील दमट हवेपासून जपून ते कोरडे ठेवावे.