एमएसडब्ल्यूच्या (समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी खेड्यातल्या कुटुंबांचे शाळेचे आणि दवाखान्याचे अनुभव गोळा करायचे आहेत. प्रश्नावली वापरू की मुलाखती घेऊ? नमुना किती घ्यावा?

नमुना किती घ्यायचा ते गाईडला विचारा. शेवटी ते म्हणतील तोच आकडा घ्यावा लागतो, इथे कुणी काहीही सांगितलं तरी.

प्रश्नावली की मुलाखत, यावर मात्र मला बोलायचंय. या वादापायी मी चालू नोकरी सोडली आहे आणि त्याचं मला आजही वाईट वाटत नाही.

मी बीड जिल्ह्यातली. काही वर्षं मी घरोघर फिरून फॉर्म भरून घेण्याची कामं केली. त्यातलं एक काम पुण्याच्या एका संस्थेचं होतं, नाव सांगत नाही. विषय जवळपास तुमचाच: ऊसतोड कुटुंबांचं शिक्षण आणि आरोग्य. संस्थेने दोन फॉर्म केले होते. शिक्षणाचा वेगळा, आरोग्याचा वेगळा, आणि विश्लेषणाला पुण्यात दोन वेगळ्या टीम. घरांची यादी मात्र एकच. म्हणजे आम्ही दोघं एकाच घरात जायचो. माझा जोडीदार, अंबाजोगाईचा मुलगा, ओसरीवर बाप्याजवळ बसून शिक्षणाचा फॉर्म भरायचा आणि मी आत चुलीपाशी बाईजवळ बसून आरोग्याचा. सूचनाच तशी होती. शिक्षणाचे प्रश्न कुटुंबप्रमुखाला आणि बायकांच्या आजारपणाचे बाईला.

एक घर सांगते. नवरा-बायकोचा कोयता (ऊस तोडणाऱ्या जोडीला कोयता म्हणतात), तीन लेकरं. थोरली मुलगी तेरा वर्षांची, सातवीनंतर शाळा सुटलेली. माझ्या जोडीदाराने कारण विचारलं. बाप म्हणाला, "तिला गोडीच नव्हती. मास्तर पण म्हणायचे." फॉर्मवर त्यासाठी तयार कोड होता, 'अभ्यासात रस नाही'. त्याने गोल केला आणि पुढच्या प्रश्नावर गेला. त्याचं काही चुकलं नाही.

आत बाई मला सांगत होती की दोन वर्षांपूर्वी तिची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढली. वय बत्तीस-तेहतीस. माझ्या फॉर्ममध्ये होतं: शस्त्रक्रिया झाली का, हो. कुठे, खाजगी. सल्ला कुणाचा, डॉक्टरचा. पैसे कुठून, कर्ज. मिळालेल्या सेवेबद्दल समाधानी आहात का, एक ते पाच. ती म्हणाली, "चांगलं झालं की ताई. आता खाडा पडत नाही." मी चार लिहिले. पाच लिहिले असते तरी फॉर्मने मान्य केलं असतं.

ज्यांना फड (ऊसतोड चालते ते रान) माहीत नाही त्यांच्यासाठी: खाडा म्हणजे कामावर न आलेला दिवस. त्या दिवसाची मजुरी तर बुडतेच, वर मुकादम, म्हणजे मजुरांना तोडीला नेणारा ठेकेदार, दंड कापतो, आणि कोयता जोडीचा असल्यामुळे एक बसला की दुसऱ्याचंही काम अडतं. अंगावरून जातंय, कंबर धरलीय, म्हणून बाई कोपीत (फडावरच्या झोपडीत) पडून राहिली तर ते महाग पडतं. दवाखान्यात तिला सांगितलं होतं की पिशवी खराब झाली आहे, ठेवली तर कॅन्सर होईल. कागद होता तिच्याकडे, प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला. त्यावर तसं काहीच नव्हतं.

मग मी फॉर्म मांडीवर उलटा ठेवला आणि सहज विचारलं, पैसे फेडले का? तर मुकादमाकडून उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) वाढवून घेतली होती. वाढलेली उचल फेडायची तर ऊस जास्त तोडायला हवा, आणि ऑपरेशननंतर तिला मोळी उचलवेना. मग मोळ्या वाहायला दुसरं माणूस कोण? थोरलीला सोबत नेलं. हंगामी वसतिगृहाचं (आईबाप तोडीला गेले की मुलांना गावात ठेवायची सोय) विचारलं, तर ते त्या वर्षी गावात सुरू होईपर्यंत मजुरांचे ट्रॅक्टर निघून गेले होते. शाळेच्या पटावर मुलीचं नाव मात्र वर्ष संपेपर्यंत तसंच होतं.

मी म्हटलं, बाहेर दादा सांगतायत तिला गोडी नव्हती. ती भाकरी थापता थापता थांबली. "गोडी नव्हती म्हणतेत व्हय? रडत गेली लेकरू फडावर."

हे सगळं मी समासात लिहिलं. रात्री लॉजवर घरक्रमांक जुळवताना दोन्ही फॉर्म शेजारी आले. एकाच घराचे दोन कागद. एकावर मुलीला रस नाही, दुसऱ्यावर आई समाधानी.

आम्ही पुण्याला कळवलं. प्रकल्पप्रमुख सर (डॉक्टरेट, उत्तम इंग्रजी, माणूस म्हणून वाईट नाहीत) म्हणाले, समासातलं सॉफ्टवेअरमध्ये जात नाही. मी म्हटलं, मग जाईल असं करा. ते म्हणाले, उत्तर देणाऱ्याने जे सांगितलं तोच डेटा, आपण त्यात आपलं मत घालायचं नाही. मी विचारलं, उत्तर देणारी दोन माणसं आहेत आणि दोघं वेगळं सांगतायत, यातलं कोण धरायचं? ते म्हणाले, नियमाप्रमाणे कुटुंबप्रमुख. मग मुलीलाच विचारू, असं म्हटलं तर, ती अल्पवयीन आहे, एथिक्स कमिटीची वेगळी परवानगी लागेल. हा मुद्दा त्यांचा बरोबर होता. पण ऑपरेशन आणि शाळा सुटणं ही एकाच घरातली एकच गोष्ट आहे, निदान एका तक्त्यात तरी आणा, यावर त्यांचं उत्तर, "ते आपल्या स्कोपमध्ये नाही."

अहवाल छापून आला, गुळगुळीत कागदावर. शिक्षणाच्या प्रकरणात मुलींची शाळा सुटण्याचं मोठं कारण अभ्यासात रस नसणं, आणि शिफारस पालकांच्या प्रबोधनाची. आरोग्याच्या प्रकरणात खाजगी दवाखान्यांबद्दल समाधान चांगलं. मी राजीनामा दिला.

त्यानंतर 2019 मध्ये ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढण्याचा विषय पेपरांत आणि विधिमंडळात गाजला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली सरकारने समिती नेमली. तिच्यापुढे आलेला आकडा असा: बीड जिल्ह्यातल्या पाहणी केलेल्या 82,309 ऊसतोड बायकांपैकी 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली. शंभरात जवळजवळ सतरा. म्हणजे माझ्या समासातली बाई एकटी नव्हती. यातल्या किती घरांत त्याच सुमारास एखादी मुलगी शाळेतून उठली, याचा रकाना त्याही पाहणीच्या बातम्यांत मला कुठे दिसला नाही.

"लोक सांगतात तोच डेटा" हे वाक्य तुमच्या गाईडनेही तुम्हाला ऐकवलं असेल. त्यावर माझ्याकडे आता उत्तर आहे, तेव्हा नव्हतं. बंगालच्या दुष्काळानंतर 1944 साली कोलकात्याजवळ सिंगूरला एक पाहणी झाली. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन तिचा दाखला नेहमी देतात. विधुरांपैकी 48.5 टक्के म्हणाले की आम्ही आजारी आहोत किंवा तब्येत यथातथाच आहे. विधवांपैकी असं म्हणाल्या 2.5 टक्के. दुष्काळ दोघांनी सोसला होता. विधवा ठणठणीत होत्या असं कुणाला म्हणायचं असेल तर म्हणो. तेच केरळ आणि बिहारचं. आजारी आहात का विचारलं तर केरळात हो म्हणणारे सगळ्यांत जास्त आणि बिहारात अगदी कमी, आणि माणूस जगतो मात्र केरळात जास्त. ज्याला शाळा मिळाली, दवाखाना मिळाला, त्यालाच आपलं दुखणं हे दुखणं वाटतं. बाकीचे त्याला वय म्हणतात, नशीब म्हणतात, बाईचा जन्म म्हणतात. तुमचा विषय शाळा आणि दवाखाना हाच असेल तर हे गाठीला बांधून ठेवा: ज्या गोष्टीचा अनुभव तुम्ही मोजताय, ती मिळाली की नाही यावर अनुभव सांगता येणं अवलंबून असतं.

आपल्याकडचंच उदाहरण हवं तर गडचिरोलीचं घ्या. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांचा अभ्यास 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. दोन गावं, 650 बायका. तक्रार होती 55 टक्के जणींना. तपासल्यावर स्त्रीरोग निघाले 92 टक्के जणींमध्ये. त्याआधी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या होत्या फक्त 8 टक्के. नुसता फॉर्म घेऊन गेलं असतं तर अहवालात जवळपास निम्म्या बायका निरोगी छापल्या गेल्या असत्या.

आता तुमच्या कामाचं. निकाल विचारू नका, घडलेलं विचारा. 'सरकारी दवाखाना कसा वाटतो' याला खेड्यात एकच उत्तर आहे, "चांगला आहे", कारण तुम्ही पॅड घेऊन आलात म्हणजे सरकारचेच कुणीतरी. त्यापेक्षा विचारा, घरात शेवटचं कोण आजारी पडलं? कशाने नेलं, किती वाजता निघालात, रोज बुडाला का? गोळ्या आतून मिळाल्या की चिठ्ठी देऊन बाहेरून आणायला लावल्या? इंजेक्शन दिलं तर कशाचं, कागद आहे का? पैसे कुणाकडून घेतले, आणि ते फेडायला घरातलं काय थांबलं? हा शेवटचा प्रश्न फॉर्ममध्ये घाला, तुमच्या पाया पडते. सगळं तिथून बाहेर येतं.

शाळेचंही तसंच. 'शिक्षणाचा दर्जा' विचारू नका. काल मुलगा शाळेत गेला होता का, गुरुजी आले होते का, खिचडी होती का? असर पाहणीवाले 2005 पासून हेच शहाणपणाचं काम करतात. प्रत्येक जिल्ह्यात 30 गावं, गावात 20 घरं, आणि मुलाला वाचता येतं का हे आईला न विचारता मुलाच्या हातात दुसरीच्या पातळीचा उतारा देतात. वाचलं तर वाचलं.

आणि बाप्याला आणि बाईला वेगवेगळं बसवून विचारा, शक्यतो एकाच वेळी, दोघांनी. सासू आत असेल तर पाणी मागा, चहा मागा, काहीही करा. सरपंचाच्या ओट्यावर बसून एकही फॉर्म भरू नका. आशाताई (गावातली आरोग्य स्वयंसेविका) सोबत असेल तर बाळंतपणाबद्दल कुणी वाकडा शब्द काढणार नाही, उद्या तिच्याकडेच जायचं असतं त्यांना.

लोक मोकळं बोलतात ते उत्तर द्यायला समोर कुणी असेल तेव्हा. महाराष्ट्रात 2007 पासून आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली, आधी पुणे, ठाणे, नंदुरबार, अमरावती आणि उस्मानाबाद या पाच जिल्ह्यांत. गावाने हिरवा, पिवळा, लाल असा शेरा द्यायचा आणि मग जनसुनवाईत वैद्यकीय अधिकारी समोर बसायचे. तिथे बायका माईक हातातून सोडत नसत. त्याच बायका फॉर्मवाल्याला "बरं आहे" सांगतात, कारण फॉर्म पुण्याला जातो आणि परत येत नाही. प्रबंध झाला की त्याची दोन पानं मराठीत करून गावात वाचून दाखवा. गाईडला याचे गुण देता येत नाहीत, तरीही.

हे वाचून प्रश्नावली फेकून द्यायची असं समजू नका. वर दिलेला 13,861 चा आकडा प्रश्न विचारूनच आला, मुलाखतींतून असा आकडा निघत नाही, आणि आकड्याशिवाय विधिमंडळात कुणी ऐकलं नसतं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 75 व्या फेरीतही, 2017-18 साली, आरोग्याच्या आणि शिक्षणाच्या प्रश्नावल्या वेगळ्या होत्या, प्रत्येकी सुमारे 1 लाख 13 हजार कुटुंबं. एवढ्या पसाऱ्यात दोन्ही एकत्र करणं जमणार नाही हे मलाही कळतं. एकाच घरी एवढे प्रश्न विचारले तर माणूस उठून जाईल. त्यांचं एक मात्र उचला: साध्या आजारपणाला मागचे 15 दिवस, दवाखान्यात भरती झाल्याला मागचे 365 दिवस. त्यापलीकडचं लोक आठवून नाही, रचून सांगतात. माझ्या त्या बाईचं ऑपरेशन दोन वर्षांपूर्वीचं होतं, तेव्हा सर इथे मला पकडू शकतात. पण पिशवी काढलेली आणि उचल अंगावर असलेली बाई ते विसरत नसते.

आशाताईंबद्दल वर लिहिलं तेही अर्धंच खरं. तिच्याशिवाय अनेक वस्त्यांवर दार उघडणार नाही. पहिल्या दिवशी तिच्यासोबत ओळखीला जा, फॉर्म नंतर तिच्याशिवाय भरा. आणि पिशवी, गर्भपात, मारहाण असले विषय निघणार असतील तर एथिक्स कमिटीची परवानगी आधी घ्या, नावं फॉर्मवर लिहू नका. बाईने सांगितलेलं नवऱ्याच्या फॉर्ममध्ये तपासायचं असेल तर तिने सांगितलंय हे त्याला कळता कामा नये, एवढी अक्कल हवी.

बीड, नगर, जालन्याकडे करणार असाल तर हंगाम पाहून जा. दिवाळीनंतर गेलात तर म्हातारी माणसं आणि कुलपं भेटतील. गुढीपाडव्याच्या पुढे लोक परततात, पण मे महिन्यात शाळा बंद, लग्नसराई जोरात. जून-जुलै बरा. सिनॉप्सिस (प्रबंधाचा आराखडा) अजून मंजूर व्हायचा असेल तर शाळा आणि दवाखाना एका तक्त्यात आत्ताच घालून घ्या, घराचा क्रमांक एकच ठेवा आणि समासासाठी एक रकाना मागून घ्या. मंजुरीनंतर मागाल तर 'स्कोपमध्ये नाही' हेच ऐकाल.