पूर आला तर आईला उचलून वर नेता येईल, एवढी ताकद कशी कमवावी?

तुम्ही विचारलंय : वय ४४, दिवसभर खुर्चीवरचं काम, बडोद्यात समा भागात तळमजल्यावर घर, सोबत ७६ वर्षांची आई. ऑगस्ट २०२४ सारखं पाणी पुन्हा आलं तर तिला वर नेता यावं म्हणून जिम लावू का?

लावायची तर लावा, पण अशा वेळी अंगाला नेमकं काय करावं लागतं ते आधी समजून घ्या. आपल्या विश्वामित्री नदीची धोक्याची पातळी २५ फूट, आणि त्या पुरात ती ३५ च्याही वर गेली होती. आमच्या सोसायटीत पाणी शिरलं तेव्हा पळायची वेळ कुणावरच आली नाही. जिना चढायचा होता, तोही ओझं घेऊन. घरगुती सिलिंडरमध्ये गॅस १४.२ किलो, पण लोखंडासकट तो ३० किलोच्या आसपास भरतो. पाण्याचा मोठा जार २० किलोचा. आणि शेजारच्या आजी, ज्यांना गुडघ्यांमुळे जिना चढवतच नव्हता.

आजींना हातांच्या भक्कम लाकडी खुर्चीत बसवून ओढणीने कमरेशी बांधलं. खुर्चीची पाठ वरच्या पायऱ्यांकडे, आजींचं तोंड खाली. शेजारचा मुलगा पाठ धरून उलटा चढत होता, मी खालून पुढचे पाय धरले होते. खालच्या माणसावर भार जास्त येतो. दुसऱ्या वळणावर माझा दम शाबूत होता, मांड्याही शाबूत होत्या, पण बोटं सुटायला लागली. खुर्ची टेकवली, हात झटकले, पुन्हा उचलली.

तेव्हापासून मी प्रत्येकाला आधी मूठ पक्की करायला सांगते. दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे भरलेले कॅन घ्या, खांदे मागे ठेवा आणि गॅलरीत फेऱ्या मारा. आठवडाभर जड वाटलं नाही की मोठे कॅन घेऊन थोडं पाणी वाढवा. मग तेच कॅन घेऊन जिना. चढताना वाक्य न तोडता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वजन कमी करा, हट्ट नको. जोडीला बैठका आणि सूर्यनमस्कार. जमिनीवर मांडी घालून बसून हात न टेकता उठण्याचा सरावही ठेवा. उचलताना गुडघ्यांतून वाका, ओझं पोटाशी घ्या आणि ते हातात असताना कंबर पिळू नका. पाठ नेमकी तिथेच धरते.

आपल्या गावाला याची परंपरा आहे. दांडिया बाजारातलं प्रो. माणिकरावांचं जुम्मादादा व्यायाम मंदिर तुम्हाला ठाऊक असेलच. मल्लखांबाला, मुद्गलाला मूठ लागते, म्हणून आखाड्यातल्या माणसाचे हात वेगळेच असतात. स्वतःची परीक्षा घ्यायची तर दोन-तीन महिन्यांनी रोपवे सोडून माचीपासून पायऱ्यांनी पावागढ चढून या. मात्र हे सगळं सुरू करण्याआधी बीपी आणि शुगर तपासा. चालताना छातीत दडपत असेल तर आधी डॉक्टर, मग व्यायाम.

आणि आईलाही या तयारीत घ्या, ही मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट वाटते. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं त्यांना रोज झेपेल तेवढं करू द्या, तुम्ही शेजारी उभे राहा. त्यांना कठडा धरून एक मजला स्वतः चढता आला, तर तुमचं निम्मं काम झालं. त्यांची पंधरा दिवसांची औषधं प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत वरच्या फळीवर असू द्या.

घरातल्या दोघांनी तरी सीपीआर, म्हणजे हृदय बंद पडलेल्या माणसाची छाती दाबून रक्त फिरतं ठेवणं, शिकून घ्या. मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच-सहा सेंटिमीटर खोल छाती दाबायची असते. दोन मिनिटांत धडधाकट माणूसही थकतो, म्हणून दुसरा हवाच.

ताकद आली म्हणून वाहत्या पाण्यात मात्र उतरू नका. गुडघाभर ओढही माणसाला पाडते, खाली उघडी गटारं असतात, आणि आपल्या नदीत मगरी आहेत. पाणी चढायच्या आत वर जायचं.

आज संध्याकाळी घरातली एक भक्कम खुर्ची निवडा आणि रिकामीच घेऊन दोघांनी जिना चढून बघा. वळणावर ती फिरते की अडकते, ते आत्ताच कळलेलं बरं.