विहिरीतला हिस्सा कागदावर आहे का?

प्रश्न १ : किहीम आणि आवासच्या मध्ये, समुद्रापासून चालत सहा-सात मिनिटांवर आमची ३१ गुंठ्यांची नारळ-सुपारीची वाडी आहे. आजोबा कूळ होते, त्यांना ती कूळकायद्यात मिळाली. ते १९८९ मध्ये गेले. सातबारावर बाबा आणि दोन आत्या अशी तीन नावं आहेत. गेल्या महिन्यात एका एजंटने मुंबईची पार्टी आणली. इसार रोख देतो, बाबांनी कुलमुखत्यारपत्र करून द्यावं, आत्यांच्या हक्कसोडीच्या सह्या तुम्ही घ्या, पुढचं सगळं मी बघतो, असं तो म्हणतो. दादाला विकून पनवेलला फ्लॅट घ्यायचा आहे. बाबा काही बोलत नाहीत, रोज वाडीत जाऊन बसतात. मी पेणला नोकरी करतो. आम्ही काय करावं?
— एक वाचक, ता. अलिबाग

उत्तर : अलिबागच्या कोर्टात वकिली करायला लागून मला तीस वर्षं होऊन गेली आणि माझं माहेर अष्टागरातलंच, म्हणजे अलिबागच्या किनाऱ्यावरच्या वाड्यांच्या पट्ट्यातलं. त्यामुळे तुमचं पत्र मी आधी वाडीतल्या मुलीसारखं वाचलं आणि मग वकिलासारखं. उत्तरही दोन्ही नात्यांनी देते.

आधी एजंटला काय सांगायचं ते. रोख इसार घ्यायचा नाही. स्थावर मालमत्तेच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं आयकर कायद्याला मंजूर नाही. घेतली तर जेवढी रक्कम घेतली तेवढाच दंड होऊ शकतो, आणि तो घेणाऱ्याला, म्हणजे तुमच्या बाबांना. एजंटच्या केसालाही धक्का लागत नाही.

कुलमुखत्यारपत्र तर अजिबात द्यायचं नाही. बाबा हिंडते-फिरते आहेत, वाडीत जाऊन बसतात, मग दुय्यम निबंधकासमोर जाऊन स्वतःच्या सहीने व्यवहार करायला त्यांना काय अडचण आहे? मुखत्यारपत्र त्यांच्या सोयीसाठी मागितलेलं नाही. ते हातात आलं की एजंट ठरवील त्या माणसाला, तो ठरवील त्या भावात तुमची वाडी विकू शकतो. अशी तीन प्रकरणं या घडीला माझ्या टेबलावर आहेत. तिन्ही घरांत म्हाताऱ्या माणसाने सही केली ती ‘साधा कागद आहे काका’ एवढ्या एका वाक्यावर.

आता आत्यांचं. ‘सह्या घ्या’ हा शब्दच मला टोचला. आजोबांच्या पश्चात त्यांची नावं सातबारावर लागली, कारण त्या वारस आहेत. हक्कसोडपत्र नोंदणीकृत लागतं आणि ते राजीखुशीने झालेलं असावं लागतं. दिवाळीला ओवाळणीत साडी देऊन कागद पुढे करणं याला राजीखुशी म्हणत नाहीत. दोघींना घरी बोलवा, भाव किती आला ते खरं सांगा, आणि विकायचं ठरलंच तर त्यांचा हिस्सा त्यांच्या खात्यात जाऊ द्या. आणखी एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही, पण मी विचारते : तुम्हाला बहीण आहे का? असली तर तिचं नाव आज सातबारावर दिसणार नाही. पण वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला जन्मानेच मुलाइतका हक्क आहे. २००५ च्या दुरुस्तीने तो दिला आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये अधिक स्पष्ट केला. मिळकत वडिलोपार्जित ठरली तर तिला वगळून केलेला व्यवहार दहा वर्षांनीही कोर्टात येऊ शकतो.

मग जमिनीचा प्रकार. सातबाऱ्याच्या इतर हक्कांत ‘कूळकायदा कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असा शेरा आहे का, ते बघा. असला तर पूर्वी विक्रीला परवानगीच लागायची. २०१४ च्या दुरुस्तीनंतर, ३२-म च्या (कुळाने जमीन विकत घेतल्याच्या) प्रमाणपत्राला दहा वर्षं झालेली असली तर शेतसाऱ्याच्या चाळीसपट रक्कम भरून ती अट सुटते. आजोबांचं हे प्रमाणपत्र घरात शोधा. बहुतेक घरांत ते देवघरामागच्या पत्र्याच्या पेटीत असतं. आणि घेणारा स्वतः शेतकरी आहे का, त्याचा पुरावा मागा. बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन दिली तर व्यवहार अवैध ठरून जमीन सरकारजमा होण्याची वेळ येते.

त्या प्रमाणपत्रावरून एक सांगावंसं वाटतं. आपल्याच तालुक्यातल्या चरी गावापासून १९३३ मध्ये कुळांचा संप सुरू झाला. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी. पंचवीस गावं, सहा वर्षं. खोताची जमीन कसायची नाही म्हणजे नाही. घरात दाणा नसताना माणसं १९३९ पर्यंत टिकली. डॉ. आंबेडकरांनी १९३७ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात खोती नष्ट करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे या माणसांचं बळ होतं. पुढे १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन आला आणि कसणारा मालक झाला. तुमच्या आजोबांचा कागद त्या वाटेने तुमच्या घरी आलेला आहे. एजंटच्या तोंडी मात्र त्याचं नाव ‘पेपर क्लिअर करायला लागतील’ एवढंच असतं.

म्हणून विकूच नका, असं मी म्हणणार नाही. मुलीच्या शिक्षणासाठी, आजारपणासाठी, कर्ज फेडायला माणसं जमीन विकतात आणि त्यात कमीपणा काही नाही. पण फ्लॅटसाठी सगळी वाडी? मांडव्यापासून किहीमपर्यंतचा पट्टा काय झालाय ते तुम्ही रोज बघता. पूर्वी मुंबईहून यायचं तर गेटवेची लाँच, ती पावसाळ्यात बंद. नाहीतर वडखळ नाक्यावरची कोंडी. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून रो-रो सुरू झाली आणि माणूस आपली गाडी बोटीत घालून तासाभरात मांडव्याला उतरायला लागला. गाव तेच, घरंही तेवढीच, पण रस्त्याच्या दोन्ही अंगांना दहा-दहा फुटी भिंती आल्या. अशा ठिकाणी एकदा सोडलेला गुंठा तुमच्या नोकरीच्या पगारात परत घेता येणार नाही.

मधला रस्ता आहे. पैशांची नड खरी असेल तर रस्त्याकडेचा तुकडा द्या आणि विहिरीकडची बाजू ठेवा. तुकडेबंदीच्या (कमीत कमी केवढा तुकडा वेगळा विकता येतो त्या) मर्यादेत किती बसतं ते तलाठ्याकडे (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात) विचारून घ्या. नाहीतर जुन्या घराला दोन खोल्या काढून पाहुणे ठेवा. सरकारची न्याहरी-निवास योजना त्यासाठीच आहे. नागावात कित्येक घरं यावरच उभी राहिली. जेवणात पोपटी, तांदळाची भाकरी आणि आपला पांढरा कांदा असला की माणसं परत परत येतात. मात्र नवं बांधकाम काढण्याआधी भरतीरेषेपासूनचं अंतर मोजून घ्या, सीआरझेडची, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाच्या नियमांखालची, परवानगी लागते का ते विचारा.

आणि तुकडा द्यायचा ठरला तर खरेदीखतात विहिरीचं आणि वाटेचं वेगळं कलम हवं. यावर मी अडून बसते, कारण हे मी घरात भोगलंय.

आमच्या काकांनी १९९६ मध्ये वाडीचा पश्चिमेकडचा निम्मा भाग विकला. विहीर त्या बाजूला. दोन दगडी खांब, मध्ये रहाट, आणि काठाच्या दगडाला दोर घासून घासून पडलेल्या बोटभर खोल खाचा. आजी सांगायची, ही खाच माझ्या सासूची, ही माझी. विहीर दोघा भावांची सामाईक, हे सगळ्या गावाला ठाऊक. त्यामुळे खतात ते लिहावं असं कुणाच्या मनातच आलं नाही. खतात लिहिलं होतं, ‘झाडमाड, विहिरीसह’. पहिला मालक भला होता, दोन वर्षं पाणी देत राहिला. त्याने पुढे दुसऱ्याला विकलं. दुसऱ्याने चिऱ्यांची भिंत घातली आणि आमच्या पाटाचं तोंड भिंतीखाली गेलं. सुपारी आधी गेली. तिला उन्हाळ्यात पाणी चुकलेलं चालत नाही. शेंडे पिवळे पडले, मग झावळ्या खाली लोंबल्या. तीन उन्हाळ्यांत एकशेचाळीसपैकी पन्नासएक पोफळी उरल्या. माझे वडील भिंतीला कान लावून पलीकडच्या पंपाचा आवाज ऐकत उभे राहिलेले मी पाहिलेत. मी तेव्हा नुकती सनद घेतली होती आणि त्या खतावर मला काहीही करता आलं नाही.

तेव्हा तुमच्या खतात स्पष्ट लिहून घ्या : विहिरीत तुमचा किती हिस्सा, पंप कोणत्या दिवशी कुणाचा, पाट किंवा पाइप कुठून जाणार, समुद्राकडची आणि रस्त्याकडची वाट किती फुटांची, आणि हे सगळं पुढच्या खरेदीदारावरही बंधनकारक. सोबत हातनकाशा जोडा, त्यावर दोघांच्या सह्या. फेरफाराची नोटीस आली की पंधरा दिवसांत हरकत घेता येते. ती नोटीस कपाटात ठेवून देऊ नका.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात आधी करायचं काम. दादा आणि तुम्ही दोघं एका संध्याकाळी बाबांबरोबर वाडीत जाऊन बसा आणि ‘बाबा, तुम्हाला काय वाटतं?’ असं विचारा. तुमच्या पत्रात एजंटचं म्हणणं आहे, दादाचं आहे. बाबांना कुणी विचारल्याचं दिसत नाही.

प्रश्न २ : आम्ही मुलुंडचे. आवासजवळ २०२१ मध्ये बंगला घेतला. आमच्या हद्दीच्या कडेने गावातली माणसं आणि मासळीवाल्या बायका समुद्रावर जातात. सुरक्षेसाठी तिथे फाटक लावून कुलूप घालायचं आहे. सातबारावर वाटेची नोंद नाही. आम्हाला तसा हक्क आहे ना?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : सातबारावर नोंद नाही म्हणजे वाट नाही, असं होत नाही. उघडपणे, कुणाची आडकाठी न होता, हक्क म्हणून वीस वर्षं वहिवाट चालली असेल तर १८८२ च्या सुविधाधिकार कायद्याने तो हक्क पक्का होतो. गावाची म्हणून परंपरेने चालत आलेली वहिवाट असेल तर तिलाही त्याच कायद्यात आधार आहे. वाट कुणाच्या शेता-वाडीकडे जात असेल आणि तुम्ही ती अडवलीत, तर सहा महिन्यांच्या आत मामलेदार कोर्ट कायद्याखाली तहसीलदारांकडे दावा होतो आणि अडथळा काढायचा हुकूम होतो. मी असे दावे गावाच्या बाजूने लढते, हे तुम्हाला आधीच सांगितलेलं बरं.

तुमची काळजी मला कळते. आठवडाभर बंद असलेलं घर, आत सामान. पण त्या वाटेवरच्या माणसांना तुम्ही अजून ओळखत नाही, आणि गावात बंद घराची राखण तीच करतात. निसर्ग वादळ झालं त्या ३ जूनला, २०२० साली, बंगल्यांचे मालक मुंबईत अडकलेले होते. आमच्या शेजारच्या बंद घरावर पडलेला माड कापून बाजूला केला तो वाटेने जाणाऱ्या चौघांनी, स्वतःच्या घरांवरची कौलं उडालेली असताना.

तुम्ही विचारलं नाहीत, तरी पाण्याबद्दल लिहिते. समुद्राकाठी जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं, कारण ते हलकं असतं. वरचं गोडं पाणी बोअरने उपसत राहिलं की खालचं खारं वर चढतं, आणि एकदा विहीर खारट झाली की चार-दोन पावसांनी ती सुधारेलच असं नाही. तुमच्या बंगल्यात हिरवळ आणि पोहण्याचा तलाव असेल तर एप्रिल-मेमध्ये शेजारच्या विहिरीचं पाणी चाखून बघा. माळ्याला विचारा, तो खरं सांगेल. हिरवळ काढून तिथे आंबा-फणस लावलेत तरी अंगण हिरवंच राहील.

फाटकाबद्दल माझा सल्ला. सरपंचांना आणि त्या वाटेने जाणाऱ्या दोन-चार बायकांना घरी बोलवा, चहा करा आणि त्यांच्यासमोर जागा आखा. फाटक ढोरं आत येऊ नयेत एवढ्यापुरतं, कडी दोन्हीकडून निघणारी, कुलूप नाही. रुंदी एवढी ठेवा की डोक्यावर पाटी घेतलेली बाई न वळता सरळ जाईल. होड्या भरतीच्या वेळेवर लागतात, त्यामुळे बायका कधी पहाटे चारलाही जातात. तेव्हा एक दिवा रात्रभर चालू ठेवा आणि कुत्रा असेल तर तो घराच्या दुसऱ्या अंगाला बांधा.