घरचा आहेर वहीत का नसतो?

प्रश्न सेलूकडच्या एका वाचकांचा आहे. गेल्या १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाचं ध्वजवंदन झाल्यावर, त्यांच्या मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. मामा म्हणजे गावातले निवृत्त गुरुजी, ते काही दोन शब्दांवर थांबले नाहीत. म्हणाले, राष्ट्रगीताला बावन्न सेकंद ताठ उभे राहता आणि ‘विश्राम’ म्हटलं की तिथंच पिचकारी मारता. झेंड्याची खादी आपल्या उदगीरला विणली जाते, झेंडा नांदेडला शिवला जातो, आणि आपण बाजारातला पॉलिस्टरचा आणून बांधलाय. शेवटी म्हणाले, परंपरेचा एवढा अभिमान आहे तर गावात स्मशानं दोन का? त्यावर टाळ्या वाजल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी तालुक्याच्या वार्ताहराने मथळा दिला, ‘गुरुजींचा गावाला घरचा आहेर’. पुण्यात शिकणाऱ्या नातवाला वाटलं, आजोबांचा सत्कार झाला. गावात कुणी ‘घरभेदी’ म्हणालं, कुणी थेट ‘देशद्रोही’. वाचक विचारतात, घरचा आहेर हा मान की अपमान? आणि मामांनी केलं त्याला हाच शब्द लागतो का?

नातवाला हसू नका. शब्दाचा पहिला अर्थ त्याने बरोबर लावलाय. आहेर म्हणजे लग्नकार्यात दिलेली भेट. आमच्याकडे ‘कपडे केले’ असंही म्हणतात, म्हणजे बाईला साडी-चोळी आणि बाप्याला दस्ती-टोपी. (दस्ती म्हणजे हातरुमाल. पुण्याच्या नातवाला हाही शब्द सांगून ठेवा.) जुन्या लिखाणात ‘अहेर’ असा ऱ्हस्व अ दिसतो. तो चुकीचा नाही, आता ‘आहेर’ रूढ आहे एवढंच.

मी सातवीत असताना चुलतबहिणीच्या लग्नात आहेराची वही माझ्याकडे होती. मांडवात सतरंजीवर मी, समोर पत्र्याची पेटी, आणि लाउडस्पीकरवरून पुकारा चाललेला, अमक्या गावचे तमके, टॉवेल-टोपी आणि अकरा रुपये. मी ते लिहून घ्यायचो. सगळ्यात शेवटी थोरल्या काकांनी भावाला धोतर-फेटा दिला, काकूंनी आईला लुगडं दिलं. मी वहीत नाव घालायला घेतलं तर आत्याने हात धरला. ‘आरं, घरचं हाय ते. वहीत नसतंय लिहायचं. फेडायचं हाय का ते?’

या शब्दाबद्दल मला सगळ्यात जास्त आत्याच्या त्या वाक्याने शिकवलं. बाहेरचा आहेर हा हिशेब असतो. त्यांनी आपल्या लग्नात पाचशे घातले, आपण त्यांच्या लग्नात सहाशे घालायचे, वही त्यासाठीच. घरच्या आहेराला परतफेड नाही, कारण देणारा आणि घेणारा एकाच चुलीवरचा.

मग भेटीचा शब्द टोमण्याकडे कसा गेला? मराठीला ही खोड जुनीच आहे. बोलणी खाण्याला आणि मार खाण्याला आपण सरळ नाव देत नाही, देवघरातून आणि मांडवातून शब्द उचलून आणतो. शिव्यांची ‘लाखोली’ वाहतो, एरवी लाखोली बेलाची किंवा दुर्वांची. कुणाच्या सात पिढ्यांचा ‘उद्धार’ करतो. मास्तर छडीचा ‘प्रसाद’ देतात, बाप ‘पूजा’ बांधतो. त्याच रांगेत शिव्यांचा आहेर आणि पाठीवरचा आहेर बसतो. घरचा आहेर म्हणजे घरच्याच माणसाकडून मिळालेली बोलणी. वरून मान, आतून चपराक. म्हणून मान की अपमान या प्रश्नाला उत्तर असं, की रूप मानाचं आणि वार टीकेचा. उपरोधाशिवाय हा शब्द वाचला की नातवासारखं होतं.

आता त्यातल्या ‘घरचा’कडे बघा. ‘घराचा’ नाही. घराचा दरवाजा, घराचं छप्पर, पण घरचं जेवण, घरची माणसं, घरची आठवण. ‘घराचा’मध्ये इमारत दिसते, ‘घरचा’मध्ये नातं. तसंच ‘गावचा’ आणि ‘गावाचा’. गावचा माणूस म्हणजे त्या मातीतला, आणि गावाचा नकाशा तलाठ्याकडे. तेव्हा घरच्या आहेराला पहिली अट अशी की बोलणारा घरचा पाहिजे. गुरुजी गावचे आहेत, ही अट ते पुरी करतात. 

वर्तमानपत्रांनी मात्र या शब्दाची रया घालवली आहे. आज तो नव्वद टक्के वेळा एकाच साच्यात येतो, ‘सत्ताधारी आमदाराचा सरकारला घरचा आहेर’. तिथे मजा बघणारा विरोधी पक्ष शेजारी उभा असतो, आणि बातमीचा सगळा रस त्याच्या आनंदात असतो. बऱ्याचदा आमदाराला मंत्रिपद मिळालेलं नसतं, म्हणजे आहेर फेडून घेण्याची अपेक्षा असतेच. आत्याच्या नियमाने तो घरचा आहेर नव्हेच, वहीतला आहेर. गुरुजींना पेन्शन आहे, त्यांना सरपंच व्हायचं नाही. त्यांचं बोलणं ऐकून खूश होणारा दुसरा पक्ष त्या मैदानात कोण होता? म्हणून मथळा मला अर्धा पटतो. शब्द बरोबर, पण त्याला चिकटलेला राजकारणाचा वास चुकीचा. मी तिथे ‘कानउघाडणी’ लिहिलं असतं. ‘खडे बोल’ही चाललं असतं. पॉलिस्टरचं म्हणाल तर ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीपासून ध्वजसंहितेत तो झेंडा बसतो, त्यामुळे गावाने नियम मोडलेला नाही. पण गुरुजी नियमाचं बोलतच नव्हते. उदगीरच्या मागाचं बोलत होते.

‘घरभेदी’ हा शब्द इथे साफ चुकला. यातला भेद म्हणजे गुपित, किंवा फूट. घरभेदी घरातली गोष्ट चोरून बाहेर नेतो. माईकवर, गावासमोर, गावालाच सांगितलेल्या गोष्टीत गुपित कसलं? दोन स्मशानं सगळ्यांना दिसतात. या शब्दाला आपण नेहमी बिभीषणाचं उदाहरण देतो, आणि निम्मी गोष्ट विसरतो. बिभीषण आधी रामाकडे गेला नाही. आधी तो रावणाच्या भरसभेत बोलला, सीतेला परत पाठव म्हणाला. सख्ख्या भावाने तोंडावर दिलेला तो घरचा आहेरच होता. सभेत अपमान झाला, मग तो उठून पलीकडे गेला. आहेर नाकारला की घरभेदी तयार होतो, हा क्रम लंकेतलाच आहे.

‘देशद्रोही’वर थोडं थांबतो, कारण मराठवाड्यात हा शब्द हलक्या हाताने फेकायला नको. ब्रिटिशांच्या दंडसंहितेतल्या १२४ अ कलमाला मराठीत नाव होतं ‘राजद्रोह’. टिळकांना १८९७ आणि १९०८ मध्ये शिक्षा झाली ती राजद्रोहाची. त्याच खटल्यांनी लोकांच्या नजरेत ते अधिक मोठे देशभक्त ठरले. म्हणजे राज वेगळं आणि देश वेगळा हे मराठीला तेव्हा स्वच्छ कळत होतं. आमच्याकडे, म्हणजे निजामाच्या हैदराबाद संस्थानात, तर हा फरक लोक घरात जगले. १९३८ मध्ये ‘वंदे मातरम्’ म्हटल्याबद्दल उस्मानिया विद्यापीठातून विद्यार्थी काढले गेले, पुढे पंतप्रधान झालेले नरसिंह राव त्यांतलेच. १५ ऑगस्ट १९४७ ला दिल्लीत तिरंगा चढला तेव्हा आमच्या आठवड्याच्या बाजारात तो हातात धरणारा संस्थानचा गुन्हेगार होता. तेरा महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९४८ ला, निजामाची फौज शरण आली आणि कालचे गद्दार आजचे स्वातंत्र्यसैनिक झाले. माणसं तीच, पाटी बदलली. ज्या दिवसाची ही आठवण, नेमकं त्याच दिवशीच्या भाषणाला कुणी देशद्रोह म्हणावं? मला हसू आलं, आणि रागही आला.

संस्थानी काळाचा विषय निघालाच आहे तर ‘वतन’ हा शब्दही बघा. मूळ अरबी. उर्दूत वतन म्हणजे मायभूमी, ‘वतनपरस्त’ म्हणजे देशभक्त. मराठीत तोच शब्द येऊन पाटीलकी-कुलकर्णीपणाच्या वंशपरंपरागत हक्काला चिकटला, आणि ‘वतनदार’ म्हणजे बापजाद्यांकडून हक्क आलेला. आमच्या भागात सरकारदरबारी उर्दू आणि घरात मराठी, त्यामुळे एकाच माणसाच्या कानावर दोन्ही वतनं पडायची. गुरुजींना देशद्रोही म्हणणाऱ्याला मला एवढंच विचारावंसं वाटतं, बाबा रे, तुझं वतन उर्दूतलं की मराठीतलं? देशप्रेमाची पाटीलकी कुणी कुणाच्या नावावर केली?

आता ‘अभिमान’. गुरुजींचं सगळ्यात झोंबलेलं वाक्य याच शब्दावर होतं. संतांच्या मराठीत अभिमान हा टाकून द्यायचा ऐवज आहे, देहाभिमान असो की ज्ञानाभिमान. वारीत थोरला-धाकटा न बघता एकमेकांच्या पाया पडतात ते तो गळावा म्हणून. ‘देशाभिमान’ हा सद्गुण म्हणून पुढे आला तो इंग्रजी अमदानीत, आणि तेव्हाही भाषेने ‘दुरभिमान’ आणि ‘वृथाभिमान’ ही कुंपणं शाबूत ठेवली. शाळेत आपण रोज म्हटलेली प्रतिज्ञा आठवा. पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी ती १९६२ मध्ये तेलुगूत लिहिली. आपल्या मराठी पाठात ‘परंपरांचा मला अभिमान आहे’ यानंतर लगेच काय येतं? ‘त्या परंपरांचा पाईक होण्याची पात्रता माझ्या अंगी यावी म्हणून मी सदैव प्रयत्न करीन.’ पात्रता ‘यावी’ म्हणून. म्हणजे अजून आलेली नाही, ही कबुली प्रतिज्ञेतच आहे. दहा वर्षं रोज सकाळी हात पुढे करून आपण ती दिली, फक्त पहिल्या वाक्याला आवाज मोठा आणि दुसऱ्याला घाईचा. पाईक म्हणजे पायदळातला साधा शिपाई, हेही कुणी सांगितलं नाही. गुरुजींनी वेगळं काही केलं नाही. दुसरं वाक्य सावकाश म्हणून दाखवलं.

शेवटी ‘टीका’, कारण वाचकांनी पत्रात ‘मामांनी देशावर टीका केली’ असं लिहिलंय. ज्ञानेश्वरीच्या शेवटची ओवी वाचा, ‘शके बाराशतें बारोत्तरें । तैं टीका केली ज्ञानेश्वरें’. शके १२१२, म्हणजे इसवी सन १२९०. आजच्या बातमीच्या मराठीत ही ओवी वाचली तर ज्ञानेश्वरांनी गीतेवर तोफ डागली असा अर्थ निघेल! टीका म्हणजे मुळात अर्थ उकलून सांगणं. पैठणजवळच्या आपेगावच्या घराण्यातल्या त्या पोराने गीतेवर नऊ हजार ओव्या खर्च केल्या, ते गीता जिवापाड आवडली म्हणून. न आवडलेल्या ग्रंथावर कुणी एवढी टीका लिहीत नाही. आता ‘टीकाकार’ म्हटलं की दोष काढणाराच डोळ्यांपुढे येतो. ‘गीतेचे टीकाकार’ आणि ‘सरकारचे टीकाकार’ मात्र एकाच शब्दात अजून शेजारी नांदतायत. वाचकांचं वाक्य मी बदलणार नाही. त्यातला ‘टीका’ फक्त जुन्या अर्थाने घ्या.

एक आडवा प्रश्न त्यांनी तळटीपेसारखा विचारला होता, घरचा आहेर ‘देणे’, ‘करणे’ की ‘चढवणे’? छापील मराठीत ‘देणे’ चालतं. पश्चिमेकडे ‘चढवणे’ ऐकू येतं. आमच्याकडे आहेर करतात, जसे कपडे करतात. मामांपुरतं विचाराल तर त्यांनी गावाला आहेर केला. आणि पुढच्या २६ जानेवारीला कुणी नांदेडहून खादीचा झेंडा आणलाच, तर त्याचं नाव वहीत घालू नका.