गाडी सोडायला शिक

प्रिय मुली,

काल तुझ्या आईचा फोन आला. प्रवेश झाला, कॉलेज माटुंग्याला, राहायचं डोंबिवलीला आत्याकडे. एवढं भराभर सांगून झालं आणि मग ती जरा घुटमळली. "बाकी सगळं ठीक आहे गं, पण ती लोकल?" १९९४ साली माझ्या आईनेही अगदी याच सुरात विचारलं होतं. म्हणून पत्र लिहितेय. व्हॉट्सॲपवर लिहिलं असतं तर तू अंगठा दाखवून मोकळी झाली असतीस.

लोकलमध्ये चढायचं कसं हे तुला जो तो शिकवेल. त्यात शिकण्यासारखं फार काही नाही, आठ दिवसांनी गर्दीच तुला उचलून आत ठेवते. गाडी सोडायची कशी, हे मात्र कुणी सांगत नाही. मला ते थोबाडीत खाऊन कळलं.

पहिलाच पावसाळा. सकाळी प्रॅक्टिकल होतं आणि मी पुलावर असतानाच ८.१७ हलली. मी धावले. दारातला खांब हाताला लागला, एक पाय आत, दुसरा हवेत आणि ओढणी मागे कुणाच्या तरी पिशवीत अडकलेली. आतून एका बाईने दंडाला धरून मला खेचलं. मी आत आले, डावी चप्पल रुळांत गेली. थँक्यू म्हणायला तोंड उघडलं तोच तिने सणसणीत ठेवून दिली. सगळा डबा चिडीचूप. मग ती शांतपणे म्हणाली, "सहा मिनिटांनी पुढची गाडी होती. तुझी आई दुसरी मुलगी कुठून आणणार?" ती नर्स होती. रुळांवरून उचलून आणलेली माणसं तिने पाहिलेली होती. त्या दिवशी मी एका चप्पलेवर प्रॅक्टिकल केलं, आणि पुढची तीन वर्षं ती बाई माझ्यासाठी जागा धरत राहिली.

तर बघ, त्या डब्यातल्या बहुतेक बायकांना ऑफिसात लेटमार्क असतो. तीन लेटमार्क झाले की अर्धी रजा, असला काहीतरी हिशेब त्यांच्या डोक्यात सतत चालू असतो. तुला तो नाही. पहिलं लेक्चर पाच मिनिटं बुडालं तर सर फार तर भुवया उंचावतील. विद्यार्थी म्हणून तुझ्याकडे ही एवढी एकच श्रीमंती आहे, ती वापर. गाडी भरलेली दिसली, दारात लटकलेल्या बायका दिसल्या, की मागे सरक आणि ती जाऊ दे. पहिले काही दिवस फार जड जातं, सगळं जग पुढे निघून चाललंय आणि आपण तेवढ्या मागे राहिलो असं वाटतं. नंतर सवय होते. जून २०२५ मध्ये मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकल शेजारून जात असताना दारात लटकलेली माणसं खाली पडली, निदान चार जीव गेले. बातमी वाचताना माझा हात गालावर गेला होता.

आता तुझा मार्ग. माटुंग्याला फास्ट गाडी थांबत नाही. त्यामुळे आत्याकडे दोन पक्ष पडतील. एक म्हणेल, फास्टने दादरला जा आणि एक स्टेशन उलटं ये. दुसरा म्हणेल, कुर्ल्याला बदल. मी तिसऱ्या पक्षाची आहे: डोंबिवलीहून सुटणारी स्लो गाडी पकड आणि थेट माटुंगा. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा, ठाणे असं मोजत गेलीस तर माटुंगा पंधरावं येतं. फास्टने वाचलेली पंधरा मिनिटं दादरचा पूल खाऊन टाकतो. दादरला निदान एक सुधारणा झाली. आमच्या वेळी पश्चिम रेल्वे आणि मध्य रेल्वे, दोन्हीकडे आपापला एक नंबर प्लॅटफॉर्म होता आणि नवखा माणूस हमखास चुकीच्या एक नंबरवर उभा राहायचा. डिसेंबर २०२३ पासून पश्चिमेचे १ ते ७ आणि मध्यचे ८ ते १४ असे सलग आकडे आहेत.

डोंबिवली गाडीतसुद्धा रिकामी सीट मिळेल असं समजू नकोस. गाडी प्लॅटफॉर्मला लागते तेव्हाच खिडक्या भरलेल्या असतात. दिवा-कोपरच्या बायका तीच गाडी डोंबिवलीकडे येत असताना पकडतात आणि न उतरता बसून राहतात, अशा उलट्या येण्याला रिटर्न मारणं म्हणतात. चिडू नकोस. परीक्षेच्या दिवसांत तूही मारशील.

परतीला इंडिकेटर वाचायला शीक. आधी इंग्रजी अक्षर दिसतं, ते गाडी कुठपर्यंत जाणार त्याचं. 'के' कल्याण, 'टीएल' टिटवाळा, 'बीएल' बदलापूर, 'ए' अंबरनाथ, या सगळ्या तुझ्या. 'टी' म्हणजे ठाणे, ती तुला अर्ध्यात सोडेल. आणि एक गंमत बघ, सुरुवातीला 'एस' असेल तर ती कर्जत, पण वेळेच्या पुढे 'एस' असेल तर स्लो. माझ्या एका मैत्रिणीला या दोन 'एस'नी महिनाभर छळलं. खाली १२ किंवा १५ लिहिलेलं असतं तो डब्यांचा आकडा, तोही बघ. पंधरा डब्यांच्या गाडीत लेडीज डबा तुझ्या रोजच्या जागेवर येईलच असं नाही, आणि मग धावाधाव होते. धावाधावीबद्दल वर लिहिलंच आहे.

पास. कॉलेजच्या ऑफिसातून सवलतीचा फॉर्म घे, शिक्का नीट उमटलाय ना ते तिथेच बघ, आणि ओळखपत्र कायम पासाबरोबर ठेव. महिन्याचा पास साधारण पंधरा एकेरी तिकिटांच्या पैशात पडतो आणि तीन महिन्यांचा त्याच्या २.७ पट, म्हणजे त्रैमासिक स्वस्त. पण मध्ये दिवाळीची सुट्टी येत असेल तर महिन्याचाच काढ, सुट्टीचे पैसे रेल्वेला कशाला? साध्या पासावर एसी लोकलमध्ये किंवा फर्स्ट क्लासमध्ये चुकूनही शिरू नकोस. टीसीला 'घाईत कळलं नाही' हे रोज शंभरदा ऐकायला लागतं. दंड किमान २५० रुपये, वर भाडं.

लेडीज डब्याबद्दल मात्र मला सावकाश लिहायचंय. त्या डब्यात एक कायदा चालतो, तो कुठेच लिहिलेला नाही. आत गेलीस की बसलेल्या बायकांना विचारायचं, "कुठे उतरणार?" कुणी ठाणे म्हणाली की ती सीट तुझी ठरली. तुझ्याआधी कुणी विचारलं असेल तर ती सांगेल, "दिलीय." मग पुढच्या बाकाकडे वळायचं. तोंडी व्यवहार, पण शब्द मोडलेला मी क्वचितच पाहिला. तीन जणींच्या बाकावर चौथी बसते. त्या चौथ्या सीटवर अर्धीच मांडी टेकते आणि उरलेली तू पायांवर तोलायची असतेस. लाजू नकोस, "जरा सरकता का" असं स्पष्ट म्हण. पुटपुटलेलं त्या डब्यात कुणाला ऐकू येत नाही. उतरताना पुढचीच्या खांद्याला हलकेच हात लावून स्टेशनचं नाव घ्यायचं, "माटुंगा?" ती मान हलवेल तरी किंवा तुला पुढे करेल. सॅक पाठीवर नाही, पोटावर. ओल्या छत्रीला पिशवी.

भांडणं होतील. पहिल्यांदा ऐकशील तेव्हा आता मारामारीच होणार असं वाटेल. काही होत नाही. ठाण्यापर्यंत एकमेकींचा उद्धार करणाऱ्या दोघी मुलुंडला एकाच क्लिपवालीकडून क्लिपा निवडताना मी पाहिल्या आहेत. संध्याकाळच्या गाडीत कुणी मटार सोलत असतं, कुणी मेथी निवडत असतं, नवरात्रात अख्खा डबा एका रंगाचा होतो आणि दसऱ्याला दाराला तोरण लागतं. तुला वाटेल या किती गप्पा मारतात! त्यांना दिवसभरात बसायला आणि बोलायला मिळणारा वेळ बहुधा तेवढाच असतो. त्यांच्यात मिसळ. माझ्या पहिल्या नोकरीची जाहिरात मला डब्यातल्याच एकीने कापून आणून दिली होती.

आणि अभ्यास. घरापासून वर्गापर्यंत दीड तास धर, परत दीड. वर्षाला दोनशे दिवस धरले तर ६०० तास होतात, म्हणजे २५ अख्खे दिवस आणि रात्री. हा हिशेब मी तिसऱ्या वर्षी मांडला तेव्हा मला रडूच आलं. या सगळ्या वेळाचा सदुपयोग कर असं मी म्हणणार नाही, तो उपदेश करणारी माणसं उभ्याने प्रवास करत नसतात. उभी असशील तेव्हा फार तर काल वाचलेलं आठवत राहा. नवं काही वाचायला बसायलाच हवं. सकाळी घाटकोपरला मेट्रोवाल्या बऱ्याच जणी उतरतात, तिथून माटुंग्यापर्यंत जरा श्वास घेता येतो. माझी सगळी सूत्रं त्या टप्प्यात पाठ झाली, आणि तेव्हा तर मेट्रोही नव्हती. संध्याकाळी मात्र खुशाल झोप. शेजारणीला स्टेशन सांगून ठेवलंस की ती उठवते.

आमच्या वेळी फास्ट गाडी पारसिकच्या बोगद्यातून जायची. १९१६ सालचा तो बोगदा, एका किलोमीटरहून लांब. आत शिरली की पोरं ओरडायची आणि डब्यातली सगळी बोलणी अर्ध्यावर थांबायची. २०२२ मध्ये नवे रूळ पडले आणि फास्ट लोकलही मुंब्र्याकडून जाऊ लागल्या. तुला तो अंधार मिळणार नाही. याचा तुला काही उपयोग नाही, उगाच आठवलं म्हणून लिहिलं.

पावसाचं नीट ऐक. कुर्ला, सायन, माटुंगा हा सखल पट्टा, रुळांवर पाणी पहिलं तिथे येतं आणि तुझं कॉलेज नेमकं तिथे. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मी दोन रात्री ऑफिसातल्या टेबलावर काढल्या. शेजारच्या टेबलावरची मुलगी रुळांतून चालत निघाली होती, तिला आम्ही अक्षरशः धरून ठेवलं. गाड्या बंद झाल्या तर कॉलेजातच थांब, रुळांत उतरू नकोस. माटुंगा-दादरला राहणारी एखादी मैत्रीण जूनमध्येच शोधून ठेव आणि तिच्या आईशी तुझ्या आईचं एकदा बोलणं करून दे. सॅकमध्ये चार्जर आणि खाकऱ्याचं पुडकं असू दे.

रात्री उशीर झालाच तर रिकाम्या लेडीज डब्यापेक्षा ज्यात पोलीस बसलाय तो डबा बघ. मदतीला १३९. आणि दारात फोन बघत उभी राहू नकोस. रुळांच्या कडेला उभं राहून काठीने हातावर फटका मारणारे असतात, फोन खाली पडतो आणि तो वाचवायला माणूस वाकतं.

रविवारी अकरा ते चार साधारण मेगाब्लॉक असतो, म्हणजे रुळांच्या कामासाठी काही मार्गांवर गाड्या बंद, आदल्या दिवशी बघून ठेवायचं. त्या दिवशी बेस्टने हिंड. मुंबई कळते ती बसच्या खिडकीतून, लोकलमधून फक्त घरांच्या पाठी दिसतात. बेस्टच्या बऱ्याच गाड्यांवर पुढे नंबर मराठी आकड्यांत असतो. इंग्रजी शाळांतली पोरं स्टॉपवर ५ की ६ म्हणून डोळे बारीक करून बघत असतात, तू लांबूनच ओळखशील.

आत्याला सांग, या शनिवारी मी ठाण्याहून उलटी येतेय, म्हणजे रिटर्न मारतेय, तुला घ्यायला. नऊ वाजता डोंबिवलीला लेडीज डब्यासमोर उभी राहा. माटुंग्यापर्यंत जाऊन येऊ, तिथलं स्टेशन २०१७ पासून बायकाच चालवतात, तेही तुला दाखवते. आणि पहिली गाडी आपण मुद्दाम सोडणार आहोत. तू दार बघ, गर्दी बघ, कोण कशी चढते ते बघ. दुसरीही सोडू हवं तर.

चप्पल मागे पट्टा असलेली घाल.

तुझी,
मावशी