कॅलिफोर्नियात कम्युनिटी कॉलेजमधून सोशल वर्क करावं का? पुढे नोकऱ्या कोणत्या?

तुम्ही लिहिलंय की पुण्यातून तीन वर्षांचं बी.कॉम. झालंय, एच-४ वर (एच-१बीवाल्याच्या जोडीदाराचा व्हिसा) बे एरियात आहात आणि सोशल वर्कसाठी कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) नाव घालावं का, असं विचारलंय.

थांबा, आधी त्या बी.कॉम.चं काय होतं ते बघा. एमएसडब्ल्यूला, म्हणजे सोशल वर्कच्या मास्टर्सला, कुठल्याही शाखेची पदवी चालते. अडतं ते तीन वर्षांवर. काही विद्यापीठं ती धरतात, काही नाही. परदेशी पदव्या तपासणाऱ्या डब्ल्यूईएससारख्या संस्थेकडून विषयवार मूल्यांकन करून घ्या. ट्रान्सक्रिप्ट (अधिकृत गुणपत्रक) पुण्याहून विद्यापीठामार्फतच यावं लागतं, तेव्हा तिकडे खेटे घालायला कुणीतरी हक्काचं माणूस धरा. मग ज्या विद्यापीठांत जायचंय त्यांना ईमेल करून लेखी उत्तर मागा. पदवी धरली गेली तर कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं घालवू नका. स्टॅटिस्टिक्स, ह्यूमन बायॉलॉजी असा एखादा विषय कमी पडत असेल तर तेवढाच तिथे करा.

नाही धरली, तर रस्ता कम्युनिटी कॉलेजचाच. पण 'सोशल वर्क अँड ह्युमन सर्व्हिसेस'ची एए-टी घ्या, म्हणजे पुढे चार वर्षांच्या विद्यापीठात ट्रान्सफर होता येईल अशी दोन वर्षांची पदवी. बरेच जण इथे फसतात: ह्युमन सर्व्हिसेसचं सर्टिफिकेट पटकन होतं म्हणून घेतात आणि पुढे त्यातले बरेच युनिट मोजलेच जात नाहीत. एए-टी ६० युनिटची (युनिट म्हणजे क्रेडिट) असते, मुख्य विषयांत किमान सी लागतो. रहिवाशांना फी युनिटला ४६ डॉलर, अनिवासींना कितीतरी पट. एच-४ वर रहिवासी ठरता येतं, पण वर्षभराच्या वास्तव्याचे पुरावे लागतात. आणि ट्रान्सफरची हमी असते ती कॅल स्टेटमध्ये (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीत) कुठेतरी जागा मिळण्याची, घराजवळच्याच कॅम्पसची नव्हे.

शिकताना फील्डवर्क, म्हणजे संस्थेत प्रत्यक्ष काम, करावं लागतं. त्यात सगळ्यात जास्त चुकतं ते केस नोट (भेटीची नोंद) लिहिताना. 'आई चिडखोर वाटली' असं लिहिलं की सुपरवायझर कागद परत देणार. 'आईने दोनदा आवाज चढवला, मुलाच्या शाळेबद्दल विचारल्यावर खोलीबाहेर गेली', असं लिहा. दिसलं आणि ऐकलं तेवढंच.

नुसत्या एए-टीवर मिळणारी कामं मदतनिसाची: केस एड, ग्रुप होममधला स्टाफ, कम्युनिटी हेल्थ वर्कर, काउंटीत एलिजिबिलिटी वर्कर (मेडी-कॅल हा सरकारी आरोग्यविमा आणि कॅलफ्रेश ही अन्नमदत, त्यांचे अर्ज तपासणं). माझ्या मते यातलं एलिजिबिलिटीचं काम सगळ्यात भरवशाचं: सरकारी नोकरी, आणि व्यवस्था आतून कळते. बीएसडब्ल्यूनंतर (सोशल वर्कची बॅचलर्स पदवी) केस मॅनेजमेंट आणि काही काउंट्यांत बालकल्याण विभाग. शिवाय अॅडव्हान्स्ड स्टँडिंग (बीएसडब्ल्यूमुळे मिळणारी अभ्यासक्रमातली सूट) मिळालं तर एमएसडब्ल्यू साधारण वर्षात होतं. सोशल वर्कर म्हणून शाळेत किंवा समुपदेशनात जायचं असेल तर एमएसडब्ल्यूला पर्याय नाही. शाळेसाठी पीपीएस क्रेडेन्शियल (शाळेत काम करण्याचा राज्याचा परवाना), आणि स्वतंत्र समुपदेशनाचा एलसीएसडब्ल्यू परवाना हवा असेल तर एमएसडब्ल्यूनंतर नोंदणी, ३,००० तास देखरेखीखालचं काम आणि दोन परीक्षा.

एच-४ वर शिकायला आडकाठी नाही, पण पगारी काम ईएडीशिवाय (वर्क परमिट) नाही. विनापगारी फील्डवर्कबद्दलही कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला आधीच विचारून ठेवा. ड्रायव्हिंग लायसन्स नसेल तर आत्ताच काढा. घरभेटीच्या बहुतेक कामांना ते मागतात. वेळ मिळेल तसं स्पॅनिश सुरू करा, अर्जात त्याला खरंच वजन आहे.